तीन टिंबांआड गेलेलं ‘नाही’

शनिवारची रात्र. जेवणं झालेली, गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कूलर घरघरतोय आणि आई आणि मी एका स्ट्रीमिंग ॲपवर पिक्चर शोधतोय. पाऊण तास झाला तरी शोधतोयच. तुमच्याही घरी हेच होत असणार.

खरं सांगायचं तर शोधण्यातच मजा असते. त्या रात्री आम्हाला ‘फँड्री’ रोमान्सच्या खणात सापडला. १९५३ च्या, आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’वर २०२३ च्या ‘श्यामची आई’चं पोस्टर होतं. दोन्ही पिक्चर कृष्णधवल, त्यामुळे चिकटवणाऱ्याला शंका आली नसावी. नितीन चंद्रकांत देसाईंच्या ‘अजिंठा’खाली लिहिलं होतं, की ही लेणी शोधून काढणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची आणि एका आदिवासी तरुणीची अमर प्रेमकथा आहे. आम्ही अजिंठ्याच्या जिल्ह्यातले. आई म्हणाली, “शोधून काढली? हरवली कधी होती?”

मग एक जुना पिक्चर आला, ‘कुंकू’. आईनं चष्मा वर करून मोबाइल जवळ घेतला आणि मोठ्यानं वाचलं, “फसवून लग्न लावून दिलेली नीरा आपल्या वयस्कर नवऱ्याला मनापासून पती मानत…”

पुढे तीन टिंबं.

“पतिव्रतेचा पिक्चर दिसतो. नको,” असं म्हणत तिनं अंगठ्यानं ‘कुंकू’ वर ढकलला. शेवटी आम्ही एक मारधाडीचा पिक्चर लावला आणि विसाव्या मिनिटाला ती झोपली.

मला मात्र झोप आली नाही, कारण ‘कुंकू’ मी पाहिला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होस्टेलवर, लॅपटॉपवर. त्यातली नीरा नवऱ्याला पती मानत नाही. सगळा पिक्चर त्या ‘नाही’वर उभा आहे. मी वर्णन पूर्ण उघडून पाहिलं. लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं: ‘…मनापासून पती मानत नाही.’ फक्त मोबाइलच्या स्क्रीनवर शेवटचा शब्द मावला नव्हता.

वाक्याच्या शेपटीला

हे कसं होतं ते मला नीट माहीत आहे, कारण असाच कोड मी लिहिलेला आहे. या ॲपसाठी नाही, दुसऱ्या एका कामासाठी. यादीतल्या प्रत्येक वस्तूखाली वर्णन दाखवायचं होतं, जागा दोन ओळींची होती. मी अक्षरांची मर्यादा घातली, त्यापुढचं कापलं, तीन टिंबं लावली. इंग्रजीत तपासलं, छान दिसलं, पुढे पाठवलं.

इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. वाक्य मधेच तोडलं तरी ‘नॉट’ बहुतेक वेळा अलीकडे वाचतो. मराठी वाक्य आपलं म्हणणं शेवटपर्यंत राखून ठेवतं. ‘मी तुला सोडून जाणार’ इथपर्यंत ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो आणि ‘नाही’ आलं की तो श्वास सोडतो. आपल्या भाषेत शेवटचा शब्द कापणं म्हणजे कधी कधी वाक्याचा अर्थच उलटा करणं.

त्यात मोजणीही आपल्या विरुद्ध जाते. कॉम्प्युटरच्या हिशेबात ‘क्षि’ हे एक अक्षर नसतं. क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे असतात. साठवताना देवनागरीच्या एकेका तुकड्याला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. कुणी मर्यादा बाइटमध्ये घातली असेल तर मराठीला इंग्रजीच्या एक तृतीयांश जागा मिळते. यात कुणाचा दुष्टपणा नाही. फक्त तपासणाऱ्यानं आपल्या आईच्या भाषेत तपासलेलं नसतं. मी तरी नव्हतं.

आणि नेमका ‘कुंकू’ कापला जावा, हे जास्तच टोचलं. १९३७ चा प्रभातचा हा चित्रपट ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे. त्या कादंबरीचं नाव ‘न पटणारी गोष्ट’. म्हणजे तिथे नकार शीर्षकातच, आणि तोही पहिल्या अक्षराला. शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरात येते ती फसवली गेल्यामुळे, आणि तिथे ती रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं ती वागण्यातून रोज सांगते. व्ही. शांतारामांनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरलं नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे येतात, आणि भिंतीवरचं जुनं घड्याळ. काकासाहेबांची विधवा मुलगी समाजकार्य करणारी आहे. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. त्या खऱ्या आयुष्यातही संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या. शेवटी चूक उमगते ती म्हाताऱ्याला. पोरीला नाही.

याच कथेची हिंदी आवृत्ती ‘दुनिया ना माने’. त्या ॲपवर तिच्यापुढे ‘डब’ असं लिहिलं होतं. तीही चूकच. तेव्हा प्रभातमध्ये एकच कथा दोन भाषांत दोनदा चित्रित होत असे. एकदा मराठी संवाद, पुन्हा हिंदी संवाद, नटांच्या तोंडचे. शांता आपट्यांनी नकार दोन भाषांत दोनदा दिला होता.

दोन मैल लांबीचा पिक्चर

पिक्चरबद्दल खोटं किंवा अर्धवट सांगणं ॲपवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. आपल्याकडे ते पहिल्या पिक्चरपासून आहे.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. लोकांना सहा-सहा तासांच्या नाटकांची सवय. एवढ्याशा खेळाला पैसे का द्यायचे, हा त्यांचा प्रश्न. त्यावर फाळक्यांनी केलेली जाहिरात प्रसिद्ध आहे. सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं फक्त तीन आण्यांत.

मी हिशेब करून पाहिला. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट सांगितली जाते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. गुणाकार ५९,२००. म्हणजे सत्तावन्न हजार हा आकडा जवळपास खरा, उलट थोडा कमीच. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. फिल्म पाऊण मैलही भरत नाही. आपल्या पहिल्या पिक्चरच्या वर्णनात एक आकडा खरा आणि दुसरा जवळपास तिप्पट फुगवलेला होता. आजच्या ‘ट्रेंडिंग नंबर वन’पेक्षा हे प्रमाण बरंच म्हणायचं.

गंमत अशी, की त्याच पिक्चरवरची चिठ्ठी आजही चुकीची असण्याची शक्यता आहे. मूळ चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. इंटरनेटवर ‘भारताचा पहिला चित्रपट, १९१३’ म्हणून जे दिसतं, ते त्यातलंच. पण काही अभ्यासकांच्या मते ती रिळं १९१३ ची नाहीत. फाळक्यांनी १९१७ मध्ये हीच कथा पुन्हा चित्रित केली होती, तिची आहेत. आपण लाखोंच्या संख्येनं ज्याला पहिला म्हणून नमस्कार करतो, तो कदाचित दुसरा आहे.

पुढे चोपड्या आल्या. थिएटरबाहेर आण्या-दोन आण्यांना मिळणाऱ्या, गाणी छापलेल्या. त्यात सुरुवातीला ‘कथासार’ असे आणि ते ऐन मोक्याच्या जागी थांबे. नायिका कड्यावर उभी आहे, तिचं पुढे काय झालं ते पडद्यावर पाहा. त्या काळातली ही तीन टिंबंच. फरक इतकाच, की ती कुणीतरी विचार करून ठेवलेली असत. कुठे थांबायचं हे लिहिणारा ठरवायचा, स्क्रीनची रुंदी नाही.

आणि जत्रेतले तंबू. आपल्या गावाकडची साठीपुढची माणसं अजून सांगतात, की दुपारी गाडीवर कर्णा लावून माणूस गावभर ओरडत फिरायचा. प्रत्येक पिक्चर ‘सामाजिक, कौटुंबिक, मारामारीचा, विनोदी’ असा एकाच वेळी सगळं असायचा. फिरत्या सिनेमाच्या या जगाचे शेवटचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात टिपले आहेत, तेही महाराष्ट्रातच. तो कर्ण्यावरचा माणूस बिनधास्त थापा मारायचा. पण रात्री तंबूच्या दारात तिकिटं फाडायला तोच उभा असायचा. पिक्चर पडेल निघाला तर त्याची गचांडी धरता यायची.

आता ती गचांडी कुणाची धरायची? वर्णन एक जण लिहितो, भाषांतर दुसरा करतो, खण तिसरा ठरवतो, कापणारा माझ्यासारखा चौथा. चित्र तर माणूस निवडतच नाही. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी २०१७ मध्ये स्वतःच लिहिलं होतं, की ‘गुड विल हंटिंग’ हा एकच पिक्चर प्रेमकथा बघणाऱ्याला नायक-नायिकेच्या फोटोसकट दाखवता येतो आणि विनोदी बघणाऱ्याला रॉबिन विल्यम्सच्या फोटोसकट. म्हणजे वर्णन आता पिक्चरचं उरलेलंच नाही, ते बघणाऱ्याचं झालंय. आईनं आधी काय काय बघितलं असेल त्यावरून तिला ‘कुंकू’ कोणत्या तोंडानं भेटणार हे ठरतं.

सोळा नंबरची राजकुमारी

चुकीच्या वर्णनांचं सगळ्यात मोठं भांडार मात्र आमच्या घरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तिथे वर्णनं चुकली तेव्हा सिनेमा जन्मालाही आला नव्हता.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. अजिंठ्याची लेणी रॉबर्ट गिलनं शोधली नाहीत. एप्रिल १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास घोडदळातला अधिकारी शिकारीला आला असताना तिथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर त्यानं आपलं नाव कोरलं. ते अजून आहे. आसपासच्या लोकांना ही लेणी ठाऊक होतीच, पण त्यांनी खांबावर तारीख टाकली नाही. गिल आला तो पंचवीस वर्षांनी. भिंतींवरच्या चित्रांच्या हुबेहूब प्रती काढायच्या, या कामावर कंपनी सरकारनं १८४४ मध्ये त्याला नेमलं.

त्यानं जवळपास दोन दशकं ते काम केलं. मोठमोठे कॅनव्हास रंगवून इंग्लंडला पाठवले. लंडनजवळच्या सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ते मांडले गेले आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथे लागलेल्या आगीत बहुतेक सगळे जळाले. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि तेरा वर्षं पुन्हा त्याच भिंती उतरवत राहिले. १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आग लागली आणि त्यातल्याही पुष्कळ प्रती गेल्या. दोनदा प्रती काढल्या, दोनदा जळाल्या. मागे राहिली वर्णनं.

आता ती वर्णनं बघा. सोळाव्या लेण्यात एक स्त्री आसनावर कललेली आहे, डोळे मिटत आलेले, मान गळालेली, भोवती दासी. ग्रिफिथ्सनी या चित्रावर भरभरून लिहिलं. करुणरसात याला जगात तोड नाही, इतकं मोठं प्रशस्तिपत्र दिलं आणि ते जगभर गेलं ‘मरणोन्मुख राजकुमारी’ या नावानं. पुस्तकांत, पोस्टकार्डांवर, गाइडांच्या तोंडी.

ती मरत नाहीये. ती सुंदरी आहे, बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. अश्वघोषानं ‘सौंदरनंद’ हे आख्खं महाकाव्य याच दोघांवर लिहिलं. नंदाचं तिच्यावर अतोनात प्रेम. बुद्ध दारी येऊन गेले म्हणून तो त्यांच्या मागे जातो आणि त्याच्या मनात नसतानाच त्याला भिक्षू केलं जातं. चित्रात एक सेवक राजमुकुट हातात धरून उभा आहे. मुकुट परत आला, म्हणजे घालणारा परत येणार नाही. ते पाहून ती कोसळली आहे.

शैलीच्या दृष्टीनं फरक पडत नाही, चित्र तेवढंच सुंदर राहतं. पण गोष्टीच्या दृष्टीनं सगळाच पडतो. मरण हा कुणाचा दोष नसतो. ‘मरणोन्मुख’ म्हटलं की आपण हळहळतो आणि पुढच्या लेण्यात जातो. ‘सुंदरी’ म्हटलं की विचारावं लागतं, हिला कुणी विचारलं होतं का?

पहिल्या लेण्यातही असंच. टोकदार टोप्या घातलेले परदेशी लोक राजापुढे नजराणे घेऊन उभे आहेत. जेम्स फर्ग्युसननं १८७९ मध्ये जाहीर केलं, की हा चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीचा दरबार आणि हे इराणच्या खुस्रोचे वकील. पुलकेशीचा काळ इ. स. ६१० ते ६४२. म्हणजे चित्रही सातव्या शतकातलं. नावाची चिठ्ठी लागली आणि चिठ्ठीवरून भिंतीचं वय ठरलं. पुढे वॉल्टर स्पिंक यांनी आयुष्यभर अजिंठ्याचा अभ्यास करून दाखवलं, की उत्तरकाळातली ही लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, साधारण ४६० ते ४८० मधली आहेत. म्हणजे पुलकेशी गादीवर यायला अजून सव्वाशे वर्षं होती. डीटर श्लिंगलॉफ यांनी तो प्रसंग महासुदर्शनाच्या कथेतला म्हणून ओळखला. चिठ्ठी तरीही टिकून आहे, कारण ‘पुलकेशीचा दरबार’ एका श्वासात सांगता येतो.

राहता राहिली पारो. अजिंठा गावात तिची कबर आहे आणि त्यावर मृत्यूची तारीख आहे, २३ मे १८५६. ती दगडावर कोरून घेणारा गिल विवाहित होता. तिच्यामागे तो आणखी तेवीस वर्षं जगला, १८७९ मध्ये गेला आणि भुसावळला पुरला गेला. ना. धों. महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं. महानोर पळसखेड्याचे, याच डोंगराच्या कुशीतले. त्यावरून देसाईंनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. दोघंही २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसाच्या अंतरानं गेले. कवीनं आणि दिग्दर्शकानं पारोला बोलायला लावलं हे त्यांचं देणं आहे. पण ती स्वतः काय म्हणाली असती, याचा एक शब्द कुठे नाही. तिचं सगळं वर्णन गिलच्या बाजूनं आहे. तिच्याकडे ‘नाही’ होतं की ‘हो’, ते दगडावर मावलेलं नाही.

वर्णनच उरतं तेव्हा

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? वर्णन चुकलं तर चुकलं, पिक्चर तर तिथेच आहे. आवडला तर बघ.

पिक्चर नेहमी तिथे नसतो. भारतात तेराशेच्या वर मूकपट बनले, त्यातले शंभरातले तीनही आज उरलेले नाहीत. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. कथा याच ना. ह. आपट्यांची. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो, शेतकरी शहरात जाऊन गिरणीत कामाला लागतो. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. देवादिकांच्या चित्रपटांच्या त्या काळात कर्जबाजारी शेतकरी पडद्यावर आणणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे सगळे लिहितात. आपण ते पाहू शकत नाही. तो मूकपट हरवला. पेंटरांनीच १९३६ मध्ये त्याचा बोलपट केला, पण तो वेगळा. मराठवाड्यातल्या माणसानं जो पिक्चर सगळ्यात आधी बघायला हवा होता, त्याच्या आपल्याकडे वरच्या दोन-चार ओळी आहेत, बस. पुण्याच्या संग्रहातही जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं जळाली. ती फिल्म ज्वलनशीलच असते. क्रिस्टल पॅलेसपासून पुण्यापर्यंत आग एकच काम करते. वस्तू नेते, वर्णन ठेवते.

म्हणून दोन ओळी हलक्या घेऊ नयेत. आज ज्या ओळी पिक्चरच्या खाली असतात, त्या उद्या पिक्चरच्या जागी असतील.

हे मला पटलं ते मात्र इतिहासानं नाही. पुढच्या शनिवारी मी आईला ‘कुंकू’ लावून दिला तेव्हा. “पतिव्रतेचा नाही. बघ,” एवढंच म्हणालो. ती झोपली नाही. मधे एकदा पाणी प्यायला उठली तेव्हा “थांबव ते,” म्हणाली. संपल्यावर बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तुझी आजी नाव घ्यायची नाही, आठवतं का?”

मला आठवत होतं. आजी म्हणजे आईची आई, सिल्लोड तालुक्यातली. चौदाव्या वर्षी बिजवराला दिलेली. आजोबा तिच्यापेक्षा दुपटीहून मोठे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या, घ्या की नाव, एवढा छान उखाणा येतो तुम्हाला. आजी हसून मान फिरवायची. सगळे म्हणायचे, या वयातही लाजते बघा.

“लाजत नव्हती ती,” आई म्हणाली. “घ्यायचंच नव्हतं तिला. माझ्या लग्नात मांडवात सगळ्यांनी धरून बसवलं, तरी नाही घेतलं. रात्री मला म्हणाली, सगळं केलं बाई मी त्यांचं, दुखणंखुपणं काढलं. नाव तेवढं घेणार नाही.”

२०१९ मध्ये आजी गेली तेव्हा पेपरातली श्रद्धांजली मी लिहिली होती. घरात मराठी टाइप करता येणारा मीच. जाहिरातीला ओळीप्रमाणे पैसे, म्हणून दोन ओळी: ‘प्रेमळ, कष्टाळू, पतिपरायण. आपल्या शांत स्वभावाने सर्वांना आपलेसे करणाऱ्या…’ कुणीही ‘चुकलं’ म्हणालं नाही. आईही नाही. माझ्याच हातानं मी तिच्यातलं ‘नाही’ कापलं होतं, आणि तेव्हा तर अक्षरांची मर्यादा घालणारा कोड कुठेच नव्हता.

एका श्वासात, अर्ध्या तासात

पावसाळ्यात आईला घेऊन अजिंठ्याला गेलो. अजिंठा गाव आलं तेव्हा तिनं पारोच्या कबरीपाशी गाडी थांबवायला लावली, दोन मिनिटं उभी राहिली. मग घाट उतरून फर्दापूर, तिथून बस, मग पायऱ्या. सोळा नंबरमध्ये अंधार. आमच्या पुढे एक मोठा ग्रुप होता. गाइडकाकांनी बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाले, “ही बघा, मरणारी राजकुमारी.” ग्रुप ‘अरेरे’ म्हणाला आणि दोन मिनिटांत बाहेर पडला.

मी मागे राहून विचारलं, “काका, ही सुंदरी ना? नंदाची?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले. “तुम्हाला माहितीये तर मग? सर, सुंदरी सांगायची म्हणजे अर्धा तास लागतो. बुद्ध सांगा, नंद सांगा, मुकुट सांगा. लोकांना पुढं सतरा बघायचंय, सव्वीस बघायचंय. मरणारी म्हटलं की लगेच बघतात तरी.”

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मीही हेच करतो, पगार घेऊन. निदान काकांना अख्खी गोष्ट येत होती.

“आम्हाला घाई नाही,” आई म्हणाली. “सांगा तुम्ही.”

त्यांनी सांगितली. अर्धा तास नाही लागला, दहाएक मिनिटं लागली. झोत आधी मुकुट धरलेल्या सेवकावर, मग दासींवर, मग तिच्या मिटत्या डोळ्यांवर. आईनं विचारलं, “मग पुढं तिचं काय झालं?” काका म्हणाले, “नंदाचं लिहिलंय सगळं. तो पुढं मोठा साधू झाला.” आई काही बोलली नाही. तिला नंदाचं विचारायचं नव्हतं.

सोमवारी कामावर मी ते फंक्शन उघडलं. आता ते मराठी मजकूर अक्षर मोजून तोडत नाही, पूर्णविराम शोधतं. वाक्य मावत असेल तर पूर्ण दाखवतं, मावत नसेल तर अजिबात दाखवत नाही. डिझाइनवाल्या मैत्रिणीचं म्हणणं, काही ठिकाणी जागा मोकळी दिसते, विचित्र वाटतं. मी तिला ‘कुंकू’चं ते वाक्य पाठवलं, आधी कापलेलं, मग पूर्ण. तिनं मोकळी जागा ठेवू दिली.

‘कुंकू’ अजून त्या ॲपवर तसाच आहे, तीन टिंबांसकट. ‘वर्णनात चूक कळवा’ असं बटण शोधून मी दोनदा कळवलंय. दरम्यान आईनं तिच्या भिशीच्या सात मैत्रिणींना तो पाहायला लावलाय. वर्णन ती फोनवर स्वतः सांगते, आणि ‘नाही’वर जरा थांबते.